सुकाणू हलके होते तेव्हा

दर डिसेंबरात आमचे दादा आणि वहिनी इंग्लंडहून मालवणला येतात. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे चिरंजीव. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आल्या दिवशी माशांचे जेवण, दुसऱ्या दिवशी धक्क्यावर उभे राहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे तासभर पाहणे आणि तिसऱ्या दिवशी माझ्या १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीची किल्ली मागणे, हा त्यांचा ठरलेला क्रम. मागच्या खेपेला मात्र तिसऱ्या दिवशी वेगळेच घडले. खळ्यात गाडी मागे घेऊन फाटकाकडे वळवताना दादा मध्येच थांबले. उजवा खांदा चोळत म्हणाले, "हात आयकतत रे, पण खांदो नाय म्हणता."

मी मनात म्हटले, वय झाले. कधी ना कधी हे व्हायचेच. पण पुढचे त्यांचे वाक्य ऐकून मी चकित झालो. "तिकडे मी हिच्याहून दहा वर्षांनी जुनी गाडी चालवतो," ते म्हणाले, "आणि एका हाताने वळवतो."

ती गाडी म्हणजे १९७२ सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. दादांनी आपली गाडी नोकरीच्या उमेदीच्या काळात जुनी म्हणून घेतली आणि मग ती घरातलीच एक झाली. मुली त्याच गाडीतून शाळेत गेल्या. पुढे खांद्याचे दुखणे सुरू झाले, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जड ओढकाम बंद करायला सांगितले. गाडी रस्त्यावर धावत असताना त्रास नव्हता. त्रास होता तो गाडी उभी करताना, अरुंद गल्लीत वळवताना, बाजारातून बाहेर काढताना. दादांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकही आले. पण व्यवहार होण्याआधी धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला गाडी नकोशी झाली आहे की स्टेअरिंग?"

या एका प्रश्नाने गाडी वाचली.

उभ्या गाडीचे ओझे

स्टेअरिंग जड का लागते? गाडीचा बराचसा भार पुढच्या दोन चाकांवर असतो. गाडी उभी असताना चाक वळवायचे म्हणजे टायरचा जमिनीला चिकटलेला तळवा जागच्या जागी घासत फिरवायचा. भरलेला पिंप जमिनीवर जागीच फिरवून पाहावा, म्हणजे कल्पना येईल. तोच पिंप किंचित कलंडून गडगडता ठेवला की सहज वळतो. म्हणून जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा द्यायचे: गाडी हलल्याशिवाय स्टेअरिंग फिरवायचे नाही. हा धडा आजही खरा आहे.

जुन्या कारखानदारांनी यावर दोन साधे उपाय केले होते. एक, स्टेअरिंगचे चाक मोठे ठेवायचे. जात्याचा खुंटा कडेला असतो, मध्यभागी नसतो, त्याचे कारण तेच. दुसरा, दातांचे गणित असे बसवायचे की हाताने जास्त फेरे मारावे लागतील, पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागेल. स्पोर्ट्स कारला मात्र हा दुसरा उपाय फारसा मानवत नाही. तिला चपळपणे वळायचे असते. फेरे कमी हवेत, म्हणजे जोर जास्त आला. तरुणपणी तो जोर कुणाला जाणवत नाही. उलट त्याचा अभिमान वाटतो.

जोर यंत्राकडून घ्यावा, ही कल्पना नवी नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग १९२६ मध्ये चालवून दाखवले होते. पण ते महाग पडेल म्हणून मोटार कंपन्यांनी बाजूला ठेवले. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ते मिळाले १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. त्यात इंजिनावर चालणारा पंप, तेलाच्या नळ्या, पट्टा असा सगळा संसार असतो. जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनाशेजारी तो मांडायला जागा नसते.

विजेच्या मोटरने हे चित्र पालटले. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग आले. १९९० मध्ये होंडाने ते एनएसएक्स या नामांकित स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिक प्रकारात बसवले. पंप नाही, तेल नाही, पट्टा नाही. आपल्याकडे टाटांची नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिला ही सोय नव्हती. २०१४ च्या नॅनो ट्विस्टमध्ये ती आली. आज लहानातली लहान नवी गाडी घेतली तरी स्टेअरिंग एका बोटाने फिरते आणि त्यामागे काय चालले आहे, याचा कुणी विचारही करत नाही.

डॅशबोर्डच्या पोटात

दादांच्या गाडीत जे बसले ते असे. स्टेअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा दांडा, म्हणजे कॉलम, मूळचा काढून ठेवला. त्या जागी तेवढ्याच लांबीचा नवा कॉलम आला. त्याच्या मध्यभागी एक छोटी मोटर आहे. तिच्या वर कॉलमचा एक भाग मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. ओले धोतर पिळताना जसा पीळ पडतो, तसा चाक फिरवताना या बारीक दांड्याला किंचित पीळ पडतो. शेजारचा सेन्सर तो पीळ मोजतो. किती पीळ आणि कोणत्या बाजूला, हे कळले की एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी मोटरला हुकूम सोडते आणि मोटर त्याच दिशेला हात लावते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर होते.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की मोटर गाडी वळवत नाही. वळवतो तो माणूसच. चाकापासून टायरपर्यंत लोखंडाची साखळी पूर्वीसारखीच अखंड असते. उद्या वायर तुटली, फ्यूज उडाला, तर मदत थांबते. गाडी वळायची थांबत नाही. स्टेअरिंग पूर्वीइतके किंवा थोडे अधिक जड होते, एवढेच.

युरोपात जुन्या गाड्यांसाठी असे तयार संच मिळतात. एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार ई-टाइप अशा गाड्यांचे मालक ते बसवून घेतात. हौशी लोक मोडीत निघालेल्या नव्या गाडीतला कॉलमही वापरतात. तिकडे व्हॉक्सहॉल कोर्सा या साध्या गाडीतला कॉलम यासाठी विशेष लोकप्रिय आहे. कारण मूळ गाडीचा संगणक सोबत नसला तरी त्याची मोटर ठरावीक मदत देत राहते.

नव्या गाडीत वेग वाढला की मदत आपोआप कमी होते. जुन्या गाडीत वेग सांगणारा तसा विद्युत संदेश नसतो. म्हणून डॅशबोर्डखाली एक बटण असते. रेडिओचा आवाज कमी-जास्त करावा, तशी मदत कमी-जास्त करायची. दादांनी पहिल्या दिवशी उत्साहाने ते बटण पूर्ण फिरवले. "अरे, गाडी बर्फावरून चालल्यासारखी वाटली," ते सांगत होते. "चाक हातात आहे, पण पलीकडे काहीच नाही. मी घाबरून गाडी कडेला घेतली." मग दोन दिवस थोडे थोडे मागे आणत त्यांनी ते अशा जागी ठेवले की गाडी उभी करताना खांदा तक्रार करत नाही आणि रस्त्यावर गाडी बोलते.

वीज कुठून येते, हाही प्रश्न असतोच. उभी गाडी वळवताना ही मोटर क्षणभर चाळीस-पन्नास अँपिअरपर्यंत वीज ओढू शकते. जुन्या डायनामोला ते झेपत नाही, अल्टरनेटर लागतो. एमजीबीला तो १९६७ च्या सुमारास मिळाला. त्याआधीच्या गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तिथे आधी सगळी उलटापालट करावी लागते. दादांची गाडी १९७२ ची, म्हणून काम सोपे झाले.

आजोबांचे सुकाणू

"गाडी बोलते" म्हणजे काय, हे दादांनी मला धक्क्यावर बसून समजावले. आमच्या आजोबांची मासेमारीची होडी होती. सुकाणूवर ते स्वतः बसत. दादा लहानपणी त्यांच्या पायाशी बसायचे. आजोबा सांगायचे, सुकाणूचा दांडा घट्ट आवळायचा नाही. तळहातात नुसता टेकवून ठेवायचा. पाण्याची ओढ कुठे आहे, हे तोच सांगतो. कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी भरतीचे पाणी आत शिरताना दांडा वेगळा थरथरतो आणि ओहोटीला वेगळा.

चांगल्या स्पोर्ट्स कारचे स्टेअरिंग असेच असते. पुढच्या चाकांची बैठक अशी कललेली ठेवतात की वळणावर चाके पुन्हा सरळ व्हायला पाहतात. ती ओढ हाताला लागते. पावसात टायरची पकड सुटू लागली की ही ओढ आधी सैल पडते आणि डोळ्यांना कळण्यापूर्वी हाताला कळते. जुन्या गाड्यांचे कट्टर शौकीन विजेच्या मदतीला नाके मुरडतात ते यासाठी. त्यांचे म्हणणे, मोटर मध्ये आली की हा संवाद तुटला. आणि दुसरे म्हणणे, जी वस्तू जशी जन्मली तशीच राखावी. बदल केला की ती जुनी राहिली नाही.

पहिला आक्षेप निम्मा खरा आहे. मदत जास्त घेतली तर संवाद तुटतोच. पण बटण आपल्या हाती आहे. दुसऱ्या आक्षेपाला दादांनी दिलेले उत्तर मला अधिक पटले. त्यांनी मूळचा कॉलम तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. त्याच्यावर चिठ्ठी बांधली आहे: काढल्याची तारीख, कोणता बोल्ट कुठला. गाडीत कुठेही करवत लावलेली नाही, कुठेही वेल्डिंग नाही. ज्याला पुढे ही गाडी मिळेल त्याला हवे तर एका दिवसात ती पूर्ववत करता येईल. "मी गाडी बदलली नाही," दादा म्हणाले. "मी तिच्याकडून थोडी उसनवारी केली आहे. परत करता येईल अशी."

ब्रिटनचा कायदाही साधारण याच विचाराने चालतो. मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. अट अशी की मागच्या तीस वर्षांत गाडीत मोठा फेरफार झालेला नसावा. मात्र चाके-आसांच्या यंत्रणेत सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा मोठा फेरफार धरली जात नाही.

माझा मोह

हे सगळे ऐकल्यावर मला मोह झाला नसता तरच नवल. माझी पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण आपल्या मध्यमवर्गाच्या आयुष्यात त्या जागी दुसरे होते तरी काय? मद्रासजवळ शोलावरमच्या शर्यतींत आपल्या लोकांनी याच फियाट दामटल्या. वालचंद हिराचंद यांची १९४४ ची प्रीमियर कंपनी. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या अंगणात.

जिप्सी, जीप अशा गाड्यांना भंगारातल्या छोट्या गाडीचा विजेचा कॉलम लावून देणारे कारागीर आपल्याकडेही आहेत. मी चौकशी करत कुडाळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकेक अडचण बोटावर मोजली.

पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या कॉलमवरच असतो. म्हणजे तिथे मोटर घुसवायची तर कापाकापी आली. कापून जोडलेल्या दांड्याचा टाका एखाद्या दिवशी आंबोलीच्या घाटात सुटला, तर हातात नुसते चाक उरेल. भंगारातल्या कॉलमचा सेन्सर नीट मध्यावर जुळला नाही, तर गाडी आपणहून एका बाजूला ओढू लागते. आणि वेगाचा संदेश मिळाला नाही तर स्टेअरिंग महामार्गावरही खळ्यातल्याइतकेच हलके राहते, जे जड असण्यापेक्षा वाईट.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगीबाहेरचे सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत करायच्या बदलांना कायद्यात वेगळी वाट आहे. पण तीही परिवहन कार्यालयातून जाते, गॅरेजमधून नाही. आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून जी वेगळी नोंदणी दिली, तिचा मान माझ्या गाडीला २०३२ मध्ये मिळू शकतो. तोवर ती मूळ रूपात राहायला हवी.

एवढे सांगून मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली आणि पुढचे चाक हाताने हलवून पाहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही गाडी समुद्राचो वारो खाता. आदी गिरीस भरूया, मगे मोटारीचा बगूया."

झाले होते ते असे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पुढच्या चाकांचे किंगपिन गंजून आवळले होते. ग्रीस भरायच्या तोंडांवर मातीचे बूच बसले होते. स्टेअरिंगच्या पेटीतले तेल अर्धे गळून गेले होते. आणि दिसायला बरे म्हणून मी मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले होते, त्यात हवाही कमी. म्हणजे कित्येक वर्षे मी गाडीशी कमी आणि गंजाशी जास्त कुस्ती खेळत होतो. मिस्त्रींनी दोन दिवस काम केले. किंगपिन बदलले, सांधे साफ केले, तेल भरले, मूळ मापाचे टायर चढवले, पुढच्या चाकांची रेघ जुळवली.

गाडी परत आणताना मला वाटले, कुणीतरी लपून मोटर बसवली की काय. उभ्या गाडीत अजून जोर लागतोच, नाही असे नाही. पण तो गाडीचा प्रामाणिक भार आहे. दुखणे नव्हे.

घरी येऊन दादांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, तिकडेही चांगला कारागीर आधी हेच करतो. सांधे मोकळे, टायर योग्य, हवा पुरेशी, हे झाल्यावरही अंग साथ देत नसेल तर मग मोटर. आधी गाडीचे दुखणे काढायचे, मग माणसाच्या दुखण्याला टेकू द्यायचा. क्रम उलटा केला की टेकूच्या आड दुखणे वाढत राहते.

वहिनींचा फेरा

या कथेतली खरी बातमी मात्र दादांनी सांगितली नाही. ती मला वहिनींकडून कळली. त्या एमजीबीत वहिनी इतकी वर्षे शेजारच्या सीटवर बसत होत्या. एकदा सुरुवातीला त्यांनी ती चालवून पाहिली होती. दुकानासमोर गाडी लावताना चाक फिरेना, मागे गाड्यांची रांग लागली आणि खाली उतरून त्यांनी किल्ली दादांच्या हातात दिली ती कायमची. पुढे स्वतःची छोटी नवी गाडी त्या रोज चालवत होत्या. पण "ती तुझ्या दादांची गाडी," एवढे बोलून विषय संपायचा. घरात कुणीच हा नियम केला नव्हता. तो स्टेअरिंगच्या वजनाने केला होता.

आपल्या घरांतही असे किती नियम असतील! पाटा जड म्हणून मुलांनी हात लावायचा नाही, रहाट जड म्हणून म्हाताऱ्यांनी पाणी काढायचे नाही, फियाट जड म्हणून बायकांनी चालवायची नाही. वजन हलके झाल्यावर कळते की तो नियम नव्हताच.

मोटर दादांच्या खांद्यासाठी बसली. पण बसवून झाल्यावर गाडी घरी आणायला दादांना हात लावायची डॉक्टरांची परवानगी नव्हती. म्हणून ती आणली वहिनींनी. तेव्हापासून रविवारी सकाळी जाताना दादा चालवतात आणि येताना वहिनी.

परतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी खळ्यात आल्या. पद्मिनीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याचे. दार उघडून बसता बसता पुटपुटल्या, "बघूया जमता काय."

दादा फाटकाशी उभे राहून सूचना देऊ लागले. वहिनींनी काच वर केली. इंजिन सुरू झाले, गाडी हाताएवढी मागे सरकली आणि ती सरकत असतानाच त्यांनी चाक फिरवायला घेतले. उभ्या गाडीत नव्हे. जुन्या ड्रायव्हरचा पहिला धडा त्यांना कुणी शिकवला होता, कोण जाणे. इतकी वर्षे शेजारच्या सीटवरून पाहतच शिकल्या असतील.

तिसऱ्या खेपेला गाडीचे तोंड फाटकाकडे झाले. काच खाली आली. "चला," वहिनी दादांना म्हणाल्या, "चिवल्यापर्यंत जाऊन येऊ. सूर्य बुडायला अजून वेळ आहे."

दादा निमूटपणे डाव्या बाजूच्या दाराकडे गेले.